पेन्सिलीने चेन सरकली, मग सोड्याने सिंक का मोकळं झालं नाही?

एका वाचक भगिनीचं पत्र:

'सप्रेम नमस्कार. घरातल्या साध्या वस्तूंचे भलतेच उपयोग दाखवणारे व्हिडिओ बघायचा मला नाद आहे. फोनमध्ये दोनेकशे साठवून ठेवलेत. त्यातले चार करून पाहिले. तुंबलेल्या सिंकमध्ये खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस भरपूर आला, पाणी मात्र तसंच साचून राहिलं. व्हिनेगरने संगमरवरी टेबल पुसलं, तर त्यावर पांढुरके, निस्तेज ठसे उमटले आणि ते काही केल्या जात नाहीत. पाण्यात पडलेला फोन दोन दिवस तांदळात पुरून ठेवला, तो सुरूच झाला नाही. चौथा उपाय तेवढा जमला. मुलीच्या बॅगेची अडकलेली चेन पेन्सिलीचं टोक घासल्यावर अलगद सरकली. मला इतका आनंद झाला की मी ती दहा वेळा उघडमीट करून बघितली.

यजमान म्हणतात, हे सगळं थोतांड आहे, सोडून दे. मला तसं वाटत नाही. पण कुठला उपाय खरा आणि कुठला खोटा, हे ओळखायचं कसं? मुलगी पुढच्या महिन्यात शिकायला दुसऱ्या गावी जाते आहे, पहिल्यांदाच एकटी राहणार. तिला यातलं काय शिकवून पाठवू? आणि टेबलाचं काही करता येईल का, तेही सांगा.'

प्रिय ताई,

ती चेन तुम्ही दहा वेळा उघडमीट केलीत, हे वाचून मलाही तुमच्याइतकाच आनंद झाला. तो आनंद थोतांडाचा नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा एक उपाय जमला आणि तीन फसले, यात नशिबाचा काही भाग नाही. चारही ठिकाणी जे झालं ते तसंच व्हायचं होतं. ते का, हे कळलं की ते दोनशे व्हिडिओ लक्षात ठेवायची गरज उरणार नाही.

सिंकपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त दाखवला जाणारा उपाय तोच आहे. खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. तो सौम्य अल्कधर्मी. व्हिनेगर म्हणजे पाणी आणि त्यात साधारण 5 टक्के ॲसेटिक आम्ल. दोघं एकत्र आले की एकमेकांना मारतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तोच फेस. वायू उडून गेला की उरतं सोडिअम ॲसिटेट नावाचा क्षार विरघळलेलं पाणी, आणि ते ना सोड्यासारखं काम करतं ना व्हिनेगरसारखं. दोन कामाच्या वस्तू आपण आपल्या हाताने निकामी केलेल्या असतात. तिकडे पाइपमध्ये अडकलेले असतात केस, साबणाचा राप आणि घट्ट झालेली चरबी. यातल्या कशालाच त्या फेसाने फरक पडत नाही.

तुंबलेल्या सिंकला रसायनापेक्षा हात लागतो. प्लास्टिकच्या बाटलीची बोटभर रुंद, लांबलचक पट्टी कापा. तिच्या दोन्ही कडांना कात्रीने तिरके छेद द्या, माशाच्या काट्यासारखे, टोकं वरच्या दिशेला राहतील असे. पट्टी जाळीतून खाली सोडा, फिरवा आणि वर ओढा. केसांचा गुंता त्या काट्यांना अडकून वर येतो. बघायला किळसवाणं, पण पाणी खळकन वाहून जातं. तेवढ्याने भागलं नाही, तर सिंकखालच्या वाकड्या पाइपाचे नट बहुतेक ठिकाणी हातानेच फिरतात. खाली बादली ठेवून तो भाग उघडा. अडथळा शंभरातल्या नव्वद वेळा तिथेच सापडतो, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणते. तुंबायला नुकती सुरुवात झाली असेल आणि कारण तेलकटपणा असेल, तर भांडी घासायचं लिक्विड आणि त्यावर गरम पाणी पुरतं. उकळतं नको, प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो.

सोडा आणि व्हिनेगर वाईट नाहीत, त्यांची जोडी वाईट. दोघांना वेगवेगळं वापरा. सोड्याचे कण काचेपेक्षा आणि स्टीलपेक्षा मऊ असतात, म्हणून कपाच्या आतले तपकिरी डाग ओल्या सोड्याने निघतात आणि कपाला ओरखडा येत नाही. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा. तापल्यावर सोड्याचं हळूहळू धुण्याच्या सोड्यात रूपांतर होतं, तो जास्त तेज असतो आणि करपट सुटायला लागते. हेच ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात केलंत तर ते काळं पडेल. दुधाचा, घामाचा आंबूस वास बराचसा आम्लांचा असतो, तोही सोडा मारतो. पण फ्रिजमध्ये सोड्याचं झाकण किलकिलं करून ठेवण्यात फारसा अर्थ नाही, हवा लागते ती वरच्या थरालाच. बशीत पसरून ठेवा.

व्हिनेगरचं खरं काम पाण्याच्या क्षारांवर. किटलीच्या तळाला, नळाच्या तोंडाला, शॉवरच्या भोकांत जो पांढरा कडक थर बसतो, तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा. आम्लात तो विरघळतो. शॉवर काढता येत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घ्या, शॉवरचं डोकं त्यात बुडेल अशी पिशवी वर चढवा आणि मानेला रबरबँडने घट्ट बांधा. अर्ध्या-एक तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासा. रात्रभर ठेवायचा मोह होतो, पण मुलामा दिलेला नळ असेल तर आम्ल त्या मुलाम्यालाही खातं. व्हिनेगरचा वास नको असेल तर सायट्रिक आम्लाची पूड पाण्यात विरघळवून तेच करा.

आता तुमचं टेबल. ताई, संगमरवर म्हणजेसुद्धा कॅल्शिअम कार्बोनेट. किटलीतला थर आणि तुमचं टेबल ही रसायनाच्या दृष्टीने सख्खी भावंडं. जे व्हिनेगर किटलीचा थर खातं, ते टेबलाचा वरचा गुळगुळीत पापुद्राही खातं. म्हणून तो डाग नाही. डाग म्हणजे वर काहीतरी बसलेलं. इथे वरचं काहीतरी गेलेलं आहे. त्यामुळे पुसून, घासून, आणखी एखादी वस्तू लावून ते जाणार नाही. उलट लिंबू किंवा टूथपेस्ट लावलीत तर वाढेल. दगडाला पॉलिश करणाऱ्या माणसाला बोलवा, तो वरचा भाग घासून पुन्हा चकाकी आणतो. ठसे अगदी फिके असतील, तर संगमरवरासाठी मिळणारी पॉलिशची पूड घरी वापरून पाहता येते, आधी कोपऱ्यात, मग मध्ये. इथून पुढे त्या टेबलाला पाणी आणि एक थेंब भांड्यांचं लिक्विड, एवढंच. आवडती वस्तू अशी हकनाक बिघडली की किती लागतं, ते मला माहीत आहे. माझ्या चष्म्याच्या काचेवरचे बारीक ओरखडे टूथपेस्टने जातात, असं कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात. साध्या प्लास्टिकवरचे पुसट ओरखडे त्यांनी कमी होतात, हे खरं. पण चष्म्याच्या काचेवर अतिशय पातळ लेप असतो. तो ठिकठिकाणी निघून गेला आणि काच कायमची धुरकट झाली. उपाय खोटा नव्हता, चुकीच्या वस्तूवर वापरला गेला. तुमच्या टेबलाचंही तेच झालं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती चुकली तर जिवावर बेतू शकते. व्हिनेगर असो, लिंबू असो, संडास साफ करायचं ॲसिड असो, ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो घसा आणि फुप्फुसं जाळतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र करू नका, त्यातून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू निघतात. 'दोन स्वच्छ करणाऱ्या वस्तू एकत्र केल्या की दुप्पट स्वच्छ' हा विचार व्हिडिओंमधून घरोघर पोचला आहे आणि मला त्याची मनापासून भीती वाटते. एका वेळी एकच वस्तू. ती पाण्याने पूर्ण धुऊन गेल्यावर दुसरी.

फोनचं ऐका. तांदूळ कोरडा असतो म्हणून तो पाणी ओढून घेईल, असं वाटणं साहजिक आहे. पण फोनच्या आत, सर्किटच्या फटींत अडकलेल्या पाण्याशी बाहेरच्या तांदळाचा संबंधच येत नाही. उघड्या हवेपेक्षा तांदळात फोन चांगला सुकतो असं म्हणायला आधार नाही. उलट तांदळाची पूड आणि बारीक कण चार्जिंगच्या भोकात शिरतात. ॲपलनेही आपल्या ग्राहकांना आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे आणि 2024 च्या सुरुवातीला त्याच्या बातम्याही झाल्या होत्या. फोन भिजला की ताबडतोब बंद करा, भोक खाली येईल असा धरून हातावर हलकेच आपटा आणि वाऱ्यावर, पंख्यासमोर ठेवा. 'चालू होतो का बघू' हा मोह आवरा आणि चार्जर तर लावूच नका. पाण्यापेक्षा ओल्या फोनमधून वाहणारी वीज जास्त नुकसान करते.

आता तुमची पेन्सिल. आपण तिला शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनचंच एक रूप. 1789 मध्ये आब्राहम वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिलं. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि ते एकमेकांवरून सहज घसरतात. कागदावर अक्षर उमटतं ते याच गुणामुळे, थर सुटून कागदावर राहतात म्हणून. तुमची चेन सरकली तीही याच गुणामुळे. एकच गुण, दोन कामं. जाम झालेल्या कुलपातही तेच चालतं. किल्लीच्या दातांवर मऊ पेन्सिल गडद घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आतबाहेर करा. कुलपात तेल घालायची सवय असते अनेकांना. तेलाने लगेच बरं वाटतं, पण ते धूळ धरून ठेवतं आणि काही महिन्यांनी कुलूप आणखी चिकट होतं. ग्रॅफाइट कोरडं असल्यामुळे तो त्रास नाही.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या लेखी हे आहे. उपाय बघितला की त्यातल्या वस्तूचं नाव बाजूला ठेवा आणि विचारा, इथे नेमका कुठला गुण कामाला येतोय? घसरणं, चिकटणं, शोषणं, विरघळवणं, घासणं? आणि तो गुण समोरच्या वस्तूला हवा आहे का? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर उपाय करून बघण्याजोगा आहे. देता येत नसेल, नुसताच फेस आणि संगीत असेल, तर तो सोडून द्या.

नाव बाजूला ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच्यावर एक सुंदर प्रयोग केला होता. त्यांच्या निधनानंतर 1945 मध्ये इंग्रजीत आलेल्या प्रबंधामुळे तो जगभर माहीत झाला. समोर मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांनी भरलेली खोकी. काम एवढंच की मेणबत्ती भिंतीवर, दारावर उभी करायची. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचायचे, मेण वितळवून चिकटवायला बघायचे. खोकं रिकामं करून टाचणीने भिंतीला लावलं की त्याची फळी होते, हे अनेकांना सुचायचं नाही. टाचण्या खोक्याबाहेर ठेवून तेच सामान दिलं, की मात्र सुचायचं. खोकं भरलेलं होतं तोवर ते 'टाचण्यांचं खोकं' होतं, रिकामं झालं की नुसतं खोकं झालं. तुम्हाला पेन्सिलीचं जे कौतुक वाटलं ते याचंच होतं. लिहायची वस्तू हे तिचं नाव त्या क्षणापुरतं गळून पडलं. अशाने मोठ्या गोष्टीही झाल्या आहेत. बुडबुड्यांचं प्लास्टिक 1957 मध्ये दोघा जणांनी बनवलं ते भिंतीला लावायचा उठावदार कागद म्हणून, सामान गुंडाळायला ते पुढे कामी आलं. पेन्सिलीचं लिहिलेलं पूर्वी पावाच्या चुऱ्याने पुसत. एका झाडाच्या चिकाचा गोळा ते अधिक चांगलं पुसतो, हे जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1770 मध्ये लिहून ठेवलं आणि त्या पदार्थाला इंग्रजीत नावच पडलं ते घासण्यावरून, रबर.

मला सगळ्यात आवडणारी घरगुती युक्ती चांदीची आहे. काळी पडलेली चांदी म्हणजे चांदी आणि गंधक यांचं संयुग. आपण पॉलिशने घासतो तेव्हा तो काळा थर निघतो आणि त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते. त्याऐवजी खोल भांड्याच्या तळाला ॲल्युमिनिअमची फॉइल पसरा, चकचकीत बाजू वर की खाली याने काही बिघडत नाही. त्यावर चांदीची वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवा, दोन-तीन चमचे सोडा टाका आणि कढत पाणी ओता. गंधकाची ओढ चांदीपेक्षा ॲल्युमिनिअमकडे जास्त असते. सोडा फॉइलवरचा अदृश्य गंज काढून वाट मोकळी करतो आणि गंधक चांदीला सोडून तिकडे जातो. चांदी जागच्या जागी परत चांदी होते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास येईल, तो गंधकाचा. काही मिनिटांत काळेपणा उतरताना डोळ्यांना दिसतो. मुलीला बोलावून तिच्यासमोर करा. फक्त मोती, खडे, गोंदाने बसवलेले भाग आणि नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळी ठेवलेली चांदी यात घालू नका.

भांडी घासायच्या लिक्विडकडेही या नजरेने बघा. त्याचा गुण म्हणजे पाण्याचा ताण मोडणं. पाण्याला थेंब होऊन राहायला आवडतं, साबण त्याला पसरायला लावतो. म्हणून न्हाणीघराच्या आरशावर एक थेंब लिक्विड कोरड्या फडक्याने चोळून चकाकेपर्यंत पुसलं, तर आरशावर वाफ धरत नाही. धरते खरं तर, पण थेंबांऐवजी सलग पातळ पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं. फळांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांसाठी वाटीत थोडं व्हिनेगर आणि एक थेंब लिक्विड ठेवा. वासाने ती येतात आणि ताण मोडलेल्या पाण्यावर उभं राहता येत नाही म्हणून बुडतात. मुंग्यांची रांग ज्या वाटेने येते, ती वाट साबणाच्या पाण्याने पुसली की त्यांच्या गंधाच्या खुणा जातात आणि रांग विस्कटते. आत येण्याची फट बुजवावी लागतेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी नवी वाट तयार. आणि गॅस सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटरच्या जोडावर, नळीवर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे फुगायला लागले तर गळती आहे. हे मी नेहमी करते आणि तुम्हीही करावं असं कळकळीने सांगते. काडी ओढून कधीच बघू नका. गॅसचा वास आधीच भरलेला असेल, तर तपासतही बसू नका. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही आणि आपण घराबाहेर.

चिकट गोष्टींना एक साधा नियम आहे. जे ज्याच्यासारखं, त्यात ते विरघळतं. बरणीवरच्या लेबलचा गोंद पाण्याने का जात नाही? कारण तो पाण्यासारखा नाही, तेलासारखा आहे. कुठलंही खाद्यतेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा. कायमच्या मार्करने चुकून पांढऱ्या फळ्यावर लिहिलं, तर त्यावरच फळ्याच्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतला द्राव जुनी शाई सोडवतो. हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझरही, त्यात अल्कोहोल असतं म्हणून, हे काम करतं. मात्र जवळ ज्योत नको. क्षणात चिकटणारा गोंद बोटांना लागला तर नेलपॉलिश काढायच्या द्रवातलं ॲसिटोन तो सैल करतं. कातडी ओढून सोडवू नका. हाच गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर तो इतका तापतो की चटका बसतो, तेव्हा तो पुसायला कापूस घेऊ नका.

बाकीचं भराभर सांगते. न उघडणाऱ्या झाकणाला जाड रबरबँड गुंडाळा, पकड येते. धातूचं झाकण असेल तर ते गरम पाण्याखाली धरा, धातू काचेपेक्षा जास्त प्रसरतो आणि सैल होतो. पण फ्रिजमधून नुकतीच काढलेली बरणी असेल तर हे नको, काच तडकेल. छोटा खिळा ठोकताना तो कपड्यांच्या चिमट्यात धरा, बोटं वाचतात. हरवलेलं कर्णफूल किंवा फुटलेल्या काचेचे कण शोधायचे असतील, तर दिवे मालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. तिरक्या उजेडात एवढासा कणही चमकतो आणि त्याची लांब सावली पडते. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सरकून आला तर तिथलं रबर सैल आहे आणि थंडावा बाहेर जातो आहे. दाराच्या चारही बाजूंनी असं बघा. काही दिवस गावाला जाणार असाल, तर फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा आणि वाटी तिथेच राहू द्या. परत आल्यावर नाणं बर्फात तळाशी गेलेलं दिसलं, तर तुमच्या मागे वीज बराच वेळ गेली होती, सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मग आतलं खाऊ नका. लोकरीचा स्वेटर धुताना आटला, तर केसांचं कंडिशनर घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हळूहळू ताणत आकारात आणा. लोकर आणि केस दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले, म्हणून केसांना मऊ करणारं लोकरीलाही करतं. पूर्ण पहिल्यासारखा होणार नाही, थोडाफार सैलावेल.

आणि जिथे कुठलीच घरगुती वस्तू वापरायची नाही, अशी एक जागा आहे. भाजलेली कातडी. टूथपेस्ट नाही, लोणी नाही, हळद नाही, बर्फसुद्धा नाही. नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढा. भाजणं मोठं किंवा खोल असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, तर डॉक्टर. टूथपेस्ट थंड लागते म्हणून बरं वाटतं, पण ती उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते. मुलीला हे नुसतं सांगू नका, तिच्याकडून दोनदा म्हणून घ्या.

मुलीच्या सामानात काय घालायचं? थोडंच. एक मऊ पेन्सिल, एक साधी पांढरी मेणबत्ती, चार-पाच जाड रबरबँड, कपड्यांचे काही चिमटे, जुना टूथब्रश, सोड्याचा डबा, व्हिनेगरची छोटी बाटली आणि टॉर्च. सोडा आणि व्हिनेगर वेगवेगळ्या पिशव्यांत. ब्लीचबद्दल मी वर लिहिलंय ते एका चिठ्ठीवर लिहून ती तिच्या न्हाणीघराच्या कपाटाला आतून चिकटवायला सांगा. शिकवण्यासाठी व्हिडिओ दाखवायची गरज नाही. जायच्या आधी एका दुपारी तिच्याबरोबर बसा, एकेक वस्तू हातात द्या आणि विचारा, 'ही आणखी कशाला उपयोगी पडेल?' चुकीची उत्तरं येऊ द्या. यजमानांनाही बोलवा, आणि चांदीची युक्ती त्यांच्या हातून करवून घ्या.

चेन पुन्हा अडकली तर तिला माहीत आहेच. फक्त बॅग फिकट रंगाची असेल तर पेन्सिलीऐवजी मेणबत्ती घासायची, नाहीतर ग्रॅफाइटचा काळा माग कापडावर राहतो. पिशवीत मेणबत्ती का घातली आहे हे तिने विचारलं, तर आधी पाच मिनिटं तिलाच ओळखू द्या.